चार शिट्ट्या

मी कुकर बोलतोय. बारा लिटरचा, ॲल्युमिनियमचा, दोन कानांचा. दचकू नका, खाली गॅस बंद आहे. एरवी मी एकाच शब्दात बोलतो आणि तो साऱ्या आळीला ऐकू जातो. आज जरा सविस्तर बोलायचं आहे, कारण एक गोष्ट गेली तीन वर्षं माझ्या पोटात आहे आणि माझ्या पोटात काही कोंडून ठेवलं की काय होतं, हे तुम्हाला ठाऊकच आहे.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. पत्र्याची गोल चकती यंत्राखाली सरकवली, वरून दणका बसला आणि मी झालो. त्या दिवशी माझ्याबरोबर जन्मलेले बाकीचे सगळे तीन आणि पाच लिटरचे होते. सुबक, आटोपशीर, कुणाच्याही ओट्यावर मावतील असे. मी एकटाच आडमाप. तपासणीला बसलेल्या बाईंनी माझ्यात हवा भरली, मला पाण्यात बुडवलं, कुठून बुडबुडे येतात का ते पाहिलं आणि शेजारणीला म्हणाल्या, "हा काही कुणी स्वतःच्या घरासाठी घेणार नाही गं. हा दुसऱ्याला द्यायला घेतील."

बाईंचं म्हणणं महिन्याभरातच खरं ठरलं. मला विकत घेणारे दहा जण जमीनमोजणीच्या कचेरीत नोकरीला होते आणि त्यांच्यातल्या अकराव्याचं लग्न होतं. "मोठाच घ्या, दिसला पाहिजे," यावर त्यांचं एकमत झालं. दिवसभर लोकांच्या जमिनी इंचाइंचाने मोजणारी माणसं ती, पण नवऱ्यामुलाच्या घरची शेगडी केवढी आहे हे मोजायचं एकालाही सुचलं नाही. मी त्या शेगडीवर बसलो की दुसरा बर्नर झाकून जायचा आणि माझा एक कान भिंतीला टेकायचा. नव्या नवरीने दोन दिवस माझ्याशी जमवून घ्यायचा प्रयत्न केला आणि तिसऱ्या दिवशी मला माळ्यावर चढवलं.

ही नवी नवरी म्हणजे वहिनी. ती घरातली थोरली सून, म्हणून सगळे तिला वहिनी म्हणतात आणि मीही म्हणतो. चष्म्याच्या दुकानात भिंगं घासून ती चौकटीत बसवायचं काम करते. हात इतका नेमका की भाजीसुद्धा एकसारखी चिरते. तिचा नवरा तो मोजणी कचेरीतला, घरात त्याला दादा म्हणतात. दादा स्वभावाने बरा आहे. त्याची एकच खोड, आपण कधी चुकत नाही असं त्याला वाटतं.

माळ्यावर मी सहा वर्षं काढली. माझ्या पोटात पडद्यांच्या कड्या, एका बिनसेलच्या टॉर्चचं धूड आणि कुठल्यातरी कपाटाची किल्ली ठेवली होती. मला बघून घरातलं कुणी ना कुणी वर्षातून एकदा म्हणायचं, "राहू दे, लागेल कधीतरी." माणसं ज्या वस्तूला असं म्हणतात, ती त्यांना नकोही असते आणि टाकवतही नाही. मला फार अपमान वाटायचा. बारा लिटरचं पोट आणि त्यात काय, तर पडद्याच्या कड्या!

माझं नशीब उघडलं ते धाकट्यामुळे. धाकटा म्हणजे वहिनीचा दीर. गाड्यांना रंग देणं हा त्याचा धंदा. त्याने कुणाचातरी जुना कॅम्पर विकत घेतला. कॅम्पर म्हणजे चाकांवरचं घर: आत दोन बर्नरची शेगडी, दोन ओंजळी मावतील एवढं सिंक आणि उघडलं की पलंग होणारं, मिटलं की टेबल होणारं एक फळकूट. धाकट्याने बाहेरून असा काही रंग दिला की बघणाऱ्याने थांबून बघावं. आत फ्रिजचं दार बंद होत नव्हतं, तिकडे त्याने पाहिलं नाही. दर उन्हाळ्यात सगळ्या घराने तळ्याकाठी आठ दिवस राहायचं असं ठरलं. सहा जण कॅम्परमध्ये झोपणार, बाकीचे तंबूत. एकूण माणसं चौदा.

चौदा माणसांच्या जेवणाचं काय, हा प्रश्न नणंदबाईंनी चुटकीसरशी सोडवला. नणंदबाई म्हणजे दादाची बहीण. एका मोठ्या दवाखान्यात आलेल्या माणसांना "बसा, नंबर आला की बोलावू" असं सांगायची त्यांची नोकरी. त्यामुळे कुणाला कुठे बसवायचं आणि कुणाला कामाला लावायचं याचा त्यांना चांगला सराव. त्यांनी फोन काढला आणि मोठ्याने वाचलं, "'कॅम्परमधून फिरताना मोठ्या गटासाठी पंचवीस सोपी जेवणं.' बघ दादा, किती सोपं आहे."

त्या पहिल्या वर्षी मी माळ्यावरच होतो. पण जे झालं ते पुढे इतक्यांदा कानावर आलं की पाहिल्यासारखंच आहे. सोपं जेवण पहिलं: प्रत्येकाने आपापल्या पावात आपापलं सारण भरून घ्यायचं. हाताने घ्यायचं, भांडी नाहीत, कटकट नाही. प्रत्यक्षात हातभर रुंदीच्या जागेत चौदा माणसं एकाच सुरीसाठी उभी राहिली आणि शेवटी वहिनीने छप्पन्न पाव भरले. सोपं जेवण सातवं: चिरलेल्या भाज्या आणि बटाटे चंदेरी कागदाच्या पुड्यांत बांधून निखाऱ्यावर ठेवायचे, प्रत्येकाची पुडी वेगळी. पुड्या छान भाजल्या. पण बिनकांद्याची पुडी कोणती हे शोधायला सगळ्या चौदा उघडाव्या लागल्या आणि तोवर जेवण गार झालं.

आधी विचारलं होतं तेव्हा मात्र सगळे म्हणाले होते, "आम्हाला काहीही चालेल." हे "काहीही" म्हणजे काय, ते मी नंतर स्वतः पाहिलं. एकाला कांदा नको. एकीला भाताला लागलेली भाजी नको. धाकट्याला काहीही चालतं, फक्त गाजर चालत नाही, टोमॅटो दिसलेला चालत नाही आणि गार झालेलं अजिबात चालत नाही.

त्या पंचवीस जेवणांच्या प्रत्येक कृतीखाली बारीक अक्षरात एक ओळ होती: पूर्वतयारी घरून करून न्यावी. ही ओळ नणंदबाईंनी कधी मोठ्याने वाचली नाही. ती वहिनी वाचायची. निघायच्या आधी तीन दिवस ती दुकानातून आली की चिरायची, सोलायची, भिजवायची, पिशव्या बांधायची आणि पिशव्यांवर वार लिहायची. तळ्याकाठी मग नणंदबाई पिशवी उघडून म्हणायच्या, "पाहिलंत? पाच मिनिटांत झालं."

दुसऱ्या वर्षी वहिनीला माझी आठवण झाली. तिने मला खाली उतरवलं, कड्या ओतून टाकल्या, नवं रबर बसवलं आणि मला घासून असं लख्ख केलं की मलाच माझी ओळख पटेना. कॅम्परच्या आत मी मावेना, म्हणून बाहेर, कॅम्परच्या छताला बांधलेल्या ताडपत्रीखाली, एका मजबूत शेगडीवर माझी जागा झाली. समोर तळं. आयुष्यात पहिल्यांदा मला जागाही होती आणि देखावाही.

वहिनीने एक जेवण बसवलं. तांदूळ, बटाटे, गाजर, भिजवलेले वाटाणे, टोमॅटो, सगळं एका दमात माझ्यात घालायचं, वर पाणी, झाकण आणि चार शिट्ट्या. नावही तिनेच ठेवलं: सगळं-एकत्र. धाकटा टोमॅटो शोधत राहायचा आणि तो विरघळलेला असायचा. पोरं दोनदा मागायची. चार शिट्ट्या, ना एक कमी ना एक जास्त. तीन झाल्या तर वाटाणा दाताला लागतो, पाच झाल्या तर भाताचा लगदा होतो. हा हिशेब माझा आणि वहिनीचा. बाकी कुणाला त्यात गम्य नव्हतं. त्यांचं म्हणणं एवढंच, "कुकर लावला की झालं! सोपंच तर आहे."

आता मूळ गोष्टीकडे येतो. तळ्यात, काठापासून बऱ्यापैकी लांब, एक लाकडी तराफा नांगरून ठेवला होता. काठाजवळ उथळ पाण्यात डुंबणाऱ्यांसाठी तरंगता दोर बांधलेला, आणि दोराच्या पलीकडे तो तराफा. पट्टीचे पोहणारे तिथवर जायचे, त्यावर पाठ टेकून उन्हात पडायचे आणि परत यायचे. वहिनी शाळेत असताना पोहण्यात पहिली यायची, हे ती एकदाच बोलली होती, तेही वाटाणे निवडताना. ऐकायला मी आणि वाटाणे. पण भाजी चिरताना मधूनच तिची मान वर व्हायची आणि नजर तराफ्यावर जायची. कुणी म्हणालं, "वहिनी, चला पाण्यात," की ती म्हणायची, "आज नको, उद्या जाते."

पाच वर्षं मी हे उद्या ऐकत होतो. सकाळचा चहा संपेतो नाश्ता, नाश्ता संपेतो जेवण, भांडी घासून होतात तोवर पोरांना पुन्हा भूक. सगळे भूक लागेल तसे येऊन ताटली भरून घ्यायचे, पोरं आधी, मग बाकीचे, आणि वहिनी सगळ्यात शेवटी, उभ्याउभ्या, माझ्या तळाला लागलेलं खरवडून. मला फार वाईट वाटायचं. मी तळाशी जरा जास्तच लागू द्यायचो, तेवढंच तिला मिळेल म्हणून. पुढे कळलं की त्यामुळे तिलाच घासायला त्रास होतो.

माझ्या तिथल्या सहाव्या वर्षी, तिसऱ्या दिवशी दुपारी, ती कॅम्परमधून बाहेर आली तेव्हा तिच्या डोक्यावर तांबडी रबरी टोपी होती. तिने माझ्यात सगळं भरलं, झाकण लावलं, शिट्टी बसवली, गॅस पेटवला. वाऱ्याने ज्योत हलू नये म्हणून शेगडीभोवती पत्र्याचा आडोसा उभा केला. मग दादाला म्हणाली, "अहो, मी तराफ्यापर्यंत जाऊन येते. चार शिट्ट्या झाल्या की बंद करा."

"एवढंच?"

"एवढंच. आपोआप वाफ जिरू द्या, मग उघडा. मी तोवर येतेच."

"अगं, जा तू निवांत," दादा शब्दकोड्यातून मान वर न करता म्हणाला. "चार मोजायचेत ना? माझा जन्म गेला मोजण्यात."

ती दोन पावलं गेली आणि मागे वळली. "जवळ बसाल ना?"

"हो गं बाई!"

ती गेली आणि दादाने खुर्ची उचलली. माझ्याजवळ दुपारचं ऊन तिरकं आत येत होतं. कॅम्परच्या मागच्या बाजूला छान सावली होती. खुर्ची तिकडे गेली, दादा तिकडे गेला, शब्दकोडंही गेलं. शिट्टी काय, ऐकू येतेच.

मी गळ्यापर्यंत भरलेलो, बाहेरचा वारा, त्यामुळे मला तापायला वेळ लागत होता. समोर मला दिसत होतं. तांबडी टोपी दोरापाशी पोचली. तिथे ती थांबली. मग दोर वर उचलून खालून पलीकडे गेली. मला इतका आनंद झाला की मी तेव्हाच पहिली शिट्टी दिली. खरी, भरदार, लांब शिट्टी.

"एक!" कॅम्परमागून आवाज आला.

तेवढ्यात काठावर जीवरक्षक उठून उभा राहिला. पोहणाऱ्यांवर नजर ठेवायला उंच खुर्चीत बसवलेला माणूस तो. दोराच्या पलीकडे जायचं तर आधी त्याला सांगून जायचं, असा नियम होता. तो सूचनाफलकावर लिहिला होता आणि फलक कॅम्परच्या नेमका मागे होता. वहिनीला त्याचा पत्ता नव्हता. त्याने गळ्यातली शिट्टी तोंडात धरली आणि जोरात वाजवली.

"दोन!" दादा ओरडला.

मी सर्द झालो. अहो, मी हललोसुद्धा नव्हतो! आणि ती शिट्टी म्हणजे काय शिट्टी होती? पत्र्यावर खडा घासावा तसली किरकिरी. माझ्या शिट्टीत वाफ असते, वजन असतं, जेवणाचा वास असतो. सहा वर्षं माझं अन्न खाल्लेल्या माणसाला एवढा फरक कळू नये? वहिनीने पाण्यातूनच हात वर केला आणि ती पुढे पोहत राहिली. जीवरक्षकाने पुन्हा वाजवली.

"तीन!"

मी जिवाच्या आकांताने दाब वाढवत होतो. मी मध्ये एक शिट्टी दिली असती तर कदाचित त्याला शंका आली असती. पण घाई केली म्हणून वाफ तयार होत नाही. लांबवर तांबडी टोपी एक क्षण जागीच थांबल्यासारखी मला वाटली. मग ती पुन्हा निघाली, तराफ्याच्या दिशेने. जीवरक्षकाने तिसरी वाजवली.

"चार! झाल्या!" दादा आला, गॅस बंद केला आणि वाफ जिरायची वाट न बघता माझ्या डोक्यावर गार पाण्याचा तांब्या ओतला. "या रे सगळे! जेवण तयार! बघा, किती वेळ लागला?"

बारा ताटल्या आणि तेरावी दादाची, एवढ्या माझ्याभोवती जमल्या. पहिला घास नणंदबाईंनी घेतला. कट्ट असा आवाज झाला. त्यांनी गाल धरला. धाकट्याने एक वाटाणा बोटात धरून उजेडात पाहिला.

"दादा, हे खायचंय की बंदुकीत भरायचंय?"

तांदूळ कच्चा, बटाटे कच्चे, गाजराचं तर नावच नको. पोरांनी भुकेने गिल्ला केला. नणंदबाईंनी फोन काढला, पण पंचविसांपैकी कुठल्याच कृतीत कच्च्या भाताचं काय करायचं ते लिहिलेलं नव्हतं. मग सगळ्यांना एकदमच सुचलं, "वहिनींना बोलवा!" आणि मग, "पण वहिनी आहेत कुठे?"

तेवढ्यात जीवरक्षकच आला. उन्हाने आणि रागाने लाल झालेला. "तांबडी टोपी घातलेली बाई तुमच्यातली का?"

"हो. का हो?" दादा घाबरला. "काय झालं?"

"झालं काही नाही. पोहतात फार सुंदर. तराफ्यावर पोचल्यासुद्धा. पण न सांगता दोर ओलांडला. मी शिट्टी मारतोय, त्या हात दाखवून पुढे चालल्यात! एकदा नाही, तीन वेळा मारली."

"तीन?" दादा म्हणाला.

"तीन. मोजून."

दादाने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं. एक आणि तीन ही बेरीज करायला त्याला वेळ लागला नाही, पण ती मान्य करायला लागला. त्याचे कान लाल झाले. धाकट्याला उलगडा झाला तेव्हा तो हसता हसता गवतावर बसला.

जीवरक्षकाला यातलं काही कळलं नाही. तो म्हणाला, "परत बोलावू का त्यांना? कर्णा आहे माझ्याकडे. अख्ख्या तळ्यावर ऐकू जातं."

"हो हो, बोलवा!" नणंदबाई म्हणाल्या. "सांगा, कुकर फसलाय, लगेच या."

तिकडे तराफ्यावर वहिनी हात पसरून उताणी झोपली होती. नुकतीच पोचली होती. इतक्या वर्षांचं उद्या कुठे आत्ता उगवलं होतं, आणि त्यात कर्ण्यावरून आरोळी येणार, कुकर फसलाय! आणि नाव कुणाचं बद्दू? माझं!

"नको," दादा म्हणाला.

मला वाटलं, आता तो म्हणेल, पडू दे तिला जरा वेळ. भाबडा आहे मी. तो म्हणाला, "अख्ख्या तळ्याला सांगायचं का, की मोजणी कचेरीतल्या माणसाला चार मोजता येत नाहीत? तिला हे कळता कामा नये. कुणी एक अक्षर बोलायचं नाही. मी परत चढवतो."

लाजेने का होईना, कर्णा टळला. जीवरक्षक आपली होडी घेऊन तराफ्याकडे गेला, परत येताना बाईंच्या सोबत राहतो म्हणाला.

मग सुरू झालं सोपं जेवण. पाणी आणखी किती घालायचं? कुणालाच ठाऊक नाही. एक म्हणे तांब्याभर, दुसरी म्हणे दोन. मीठ आधी घातलंय का? चाखून बघायला कुणाचे दात तयार नव्हते. आगपेटी कुठे असते? रबर कुठल्या बाजूने बसतं? झाकण तीनदा तिरकं लागलं. तेरा माणसं माझ्याभोवती उभी राहिली आणि जे काम एक बाई गाणं गुणगुणत करायची, त्याला त्यांनी पाऊण तास लावला. दादा या वेळी उन्हात, माझ्यापासून हातभर अंतरावर, गुडघ्यांवर हात ठेवून उभा राहिला. माझ्या डोक्यावरून त्याने नजर हलवली नाही. मी शिट्टी दिली की सगळे मिळून दबक्या आवाजात मोजायचे. मला इतका मान कधी मिळाला नव्हता. चारच्या चार मी एकदम ठणठणीत दिल्या.

सगळे ताटल्या मांडीवर घेऊन माझी वाफ जिरायची वाट बघत बसले होते, तेव्हा वहिनी धावत आली. केसांतून पाणी ठिबकत होतं, खांद्यावर टॉवेल होता. "फार उशीर झाला का हो? तीन वाजले! जेवलात ना सगळे?"

तिने बंद झाकण पाहिलं, तेरा रिकाम्या ताटल्या पाहिल्या. मग दादाकडे वळून तिने अगदी सरळ विचारलं, "माझ्यासाठी थांबलात?"

एका पोराने तोंड उघडलं. नणंदबाईंनी त्यात पावाचा तुकडा कोंबला.

"हो," दादा म्हणाला. तो एवढ्यावरच थांबला असता तरी निभावलं असतं. पण थोडं अडखळून तो पुढे म्हणाला, "तुझ्याशिवाय कसं जेवणार?"

हे दुसरं वाक्य बोलायचं ठरलेलं नव्हतं. ते कुठून आलं हे त्यालाही कळलं नसावं. वहिनीचे डोळे भरून आले. तळ्याचं पाणी नव्हतं ते. धाकट्याने उठून तिला खुर्ची दिली. दादाने माझं झाकण काढलं आणि पहिली ताटली तिच्या हातात ठेवली.

भात कसा झाला होता? लगदा! वाटाण्याची सालं वेगळी, गर वेगळा. वहिनीने पहिला घास घेतला, क्षणभर थांबली आणि म्हणाली, "छान झालंय." ती सगळ्यांमध्ये बसून जेवली, सावकाश, आणि मागून दुसऱ्यांदा वाढून घेतलं. पाठोपाठ सगळेच "छान झालंय" म्हणू लागले. नणंदबाईंनी तर माझा फोटो काढून मैत्रिणींना पाठवला आणि खाली लिहिलं: मोठ्या गटासाठी सोपं जेवण, कष्ट शून्य.

पोटं भरल्यावर एकेक जण आडवा झाला. दादा "मी घासतो गं कुकर" म्हणाला आणि म्हणता म्हणता खुर्चीतच घोरू लागला. मला शेवटी वहिनीनेच उचललं. कोपऱ्यातल्या नळाखाली तिने मला ठेवलं. तळाला दोन थर लागले होते, एक पहिल्या खेपेचा, एक दुसऱ्या. तिने नखाने ते दोन्ही वेगळे केले आणि माझ्याशी बोलू लागली. आजूबाजूला कुणी नव्हतं.

"एक तुझी आणि तीन माझ्या. हो ना रे?"

माझी शिट्टी बाजूला वाळत पडली होती.

"पाण्यावरून आवाज फार लांब येतो," ती म्हणाली. "तो माणूस शिट्टी मारायचा आणि मागोमाग आमचे हे 'दोन!' म्हणून ओरडायचे. 'तीन' ऐकलं तेव्हा समजलं मला, भात कच्चा राहणार. थांबले पाण्यात. म्हटलं, परत फिरावं." तिने नळ मोठा केला. "मग म्हटलं, राहू दे कच्चा."

आणि ती हसायला लागली. हसता हसता तिला नळाचा आधार घ्यावा लागला. इतक्या वर्षांत मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. मला घासून पुसून तिने उन्हात पालथं घातलं आणि केस वाळवत तिथेच दगडावर बसून राहिली.

या गोष्टीला आता तीन वर्षं झाली. दुसऱ्या दिवशीपासून एक पंचाईत झाली: एकदा थांबलात म्हटल्यावर पुन्हा न थांबून कसं चालेल? तेव्हापासून वहिनी परत आल्याशिवाय ताटल्या भरत नाहीत. आधी पोरं कुरकुरली, मग सवय झाली. वहिनी आता जीवरक्षकाला सांगून दोर ओलांडते. दादा माझ्याजवळ उन्हात उभा राहतो, डोक्याला रुमाल बांधून. भात आता बरा करतो. पाणी अजून जास्तच पडतं.

मीही थकलो आहे. एक कान सैल झालाय, तो तारेने आवळलाय. पोटाला पोचे आलेत. धाकटा म्हणतो, आता विजेवर चालणारा बिनशिट्टीचा घेऊ, आपोआप बंद होतो, कुणी लक्षच द्यायला नको. दादा त्याला नको म्हणतो. का, ते सांगत नाही.

तर वाचकहो, माझं पोट आज मोकळं झालं, पण तुम्हाला एक विनंती आहे. कधी त्या तळ्यावर गेलात, चौदा माणसं एकदम जेवायला बसलेली दिसली आणि त्यांच्यातला डोक्याला रुमाल बांधलेला माणूस मोठ्या ऐटीने सांगू लागला, की आमच्या घरात पहिल्यापासून हिच्यासाठी सगळे थांबतात, तर मान डोलवा. ते त्या दिवशी थांबले नव्हते, हे तिला ठाऊक आहे. फक्त ते तिला ठाऊक आहे, एवढं त्याला सांगू नका.